आरोपी आजारी असतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

खुनाची बातमी येते. आरोपीवर मानसिक आजाराचे उपचार चालू होते असं कळतं, आणि लगेच कोणीतरी म्हणतं, "झालं! आता वेडाचं सर्टिफिकेट आणणार आणि सुटणार." एसटीत, लग्नाच्या पंगतीत, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून मी हे ऐकलं आहे. मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करताना या समजुतीचं मला फार दुःख होतं, कारण प्रत्यक्षात घडतं ते जवळजवळ उलटं.

ज्या खटल्यावरून आपला कायदा बेतला, तिथूनच बघा. जानेवारी १८४३ मध्ये लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. सत्ताधारी पक्षाचे लोक आपल्या जिवावर उठले आहेत, या भ्रमाने तो पछाडलेला होता. ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवलं आणि देशभर संताप उसळला. पण हा 'निर्दोष' माणूस घरी गेला नाही. १८६५ साली मरेपर्यंत, म्हणजे बावीस वर्षं, तो बंदिस्त रुग्णालयांतच राहिला.

त्या खटल्यानंतर इंग्लंडच्या न्यायाधीशांनी जे नियम सांगितले, ते १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८४ म्हणून आले. आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम २२ आहे. त्याचा गाभा एवढाच: कृत्य करताना मानसिक विकलतेमुळे त्या माणसाला आपण काय करतोय हे, किंवा हे चूक आहे, बेकायदा आहे हे, समजण्याची क्षमताच नसेल तर तो गुन्हा नाही. नुसता आजार असून भागत नाही. त्या क्षणी समज हरपलेली होती, हे दाखवावं लागतं.

आता विचार करा, हे दाखवायचं कसं? डॉक्टरांसमोर आरोपी येतो तो कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. तोवर तुरुंगात औषधं सुरू झाली असतील तर तो शांत बसून नीट उत्तरंही देतो. मग त्या दिवशी त्याच्या डोक्यात काय चाललं होतं, हे आजूबाजूच्या खुणांवरूनच जुळवावं लागतं.

२००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाला पत्नीच्या खुनाच्या आरोपातून मुक्त केलं. खालच्या न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने त्याला दोषी धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने पाहिलं ते असं: त्याला पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, म्हणजे भ्रम आणि टोकाचा संशय निर्माण करणारा मानसिक आजार होता, आधी उपचार झाले होते, वडिलांनाही मानसिक आजार होता. कृत्य दिवसाढवळ्या घडलं, आणि त्याने ना पळायचा प्रयत्न केला ना लपायचा. घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्याला वारंवार उपचारांसाठी न्यावं लागलं, त्याच्याही नोंदी होत्या.

या नोंदींपाशी मला जरा थांबायचं आहे. त्या होत्या म्हणून तो शिपाई वाचला. पण ज्याला घरच्यांनी आधी देवऋषाकडे नेलं, मग दर्ग्यावर नेलं, मग दोरीने खाटेला बांधून ठेवलं, त्याचा केसपेपर कुठून आणणार? आजार तोच, कायदा तोच, पण एकाकडे कागद आहेत आणि दुसऱ्याकडे नाहीत. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत मोठा अन्याय इथे होतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. आरोपीला पूर्वी मानसिक आजार होता असं तपासात दिसलं, तर त्याची वैद्यकीय तपासणी करून घेणं हे तपास अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. ते पहिल्या दिवसांत पाळलं गेलं, तर कागद नसलेल्या माणसालाही निदान त्या वेळच्या अवस्थेचा एक पुरावा मिळतो.

सोंगाचं काय, असं तुम्ही विचाराल. सोंग घेणारे असतात. पण वॉर्डात ऑब्झर्व्हेशनला ठेवलेला माणूस रात्री झोपतो कसा, जेवतो कसा, कोणी पाहत नसताना वागतो कसा, हे परिचारिका आणि अटेंडंट चोवीस तास बघत असतात. दिवसेंदिवस ते सोंग वठवणं सोपं नाही.

आता आम्हा डॉक्टरांबद्दल. एरवी माणूस आमच्याकडे येतो तो विश्वासाने, कारण त्याने सांगितलेलं बाहेर जात नाही. न्यायालयाच्या आदेशावरून तपासायला बसतो तेव्हा हे उरत नाही. म्हणून पहिलं वाक्य हेच असलं पाहिजे: "मी आज तुमच्यावर उपचार करायला आलेलो नाही. तुम्ही जे सांगाल ते न्यायालयाला कळू शकतं." समोरच्याला ते समजलं का, हेही पाहिलं पाहिजे. पॉल अॅपलबॉम या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी या कामाची नीती दोन गोष्टींवर उभी केली: सत्य सांगणं आणि समोरच्या माणसाचा मान राखणं. मला ते पटतं. उपचार करणारा डॉक्टर आणि न्यायालयाला अहवाल देणारा डॉक्टर वेगळे असावेत, असंही मला ठामपणे वाटतं. मनोविकारतज्ज्ञ अपुरे असल्यामुळे पुष्कळदा एकाच डॉक्टरला दोन्ही करावं लागतं. अशा वेळी निदान ते अहवालात स्पष्ट लिहावं.

खटला चालवण्याइतकं भान आरोपीला नसेल तर खटला थांबतो. हे योग्यच आहे. ज्याला आपल्यावरचा आरोप कळत नाही, वकिलाशी बोलता येत नाही, त्याच्यावर खटला चालवणं म्हणजे न्याय नव्हे. पण थांबलेला खटला पुन्हा सुरू कोण करणार? आसामच्या मचांग लालुंगना १९५१ साली अटक झाली. गंभीर दुखापत केल्याचा आरोप होता. तेजपूरच्या मनोरुग्णालयात त्यांना ठेवलं. १९६७ मध्ये रुग्णालयाने ते बरे असल्याचं कळवलं, तर घरी पाठवण्याऐवजी त्यांची रवानगी तुरुंगात झाली. २००५ मध्ये एक रुपयाच्या जातमुचलक्यावर ते बाहेर आले, तेव्हा वय होतं ७७. चोपन्न वर्षं, आणि खटला चाललाच नाही.

त्याच सुमारास कच्च्या कैद्यांसाठी कायदा सुधारला. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला की जामिनाचा हक्क मिळाला. पण फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा गुन्ह्यांना ही तरतूद लागू नाही. म्हणजे खुनाचा आरोप असलेला मनोरुग्ण पुन्हा तसाच उरतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०३ सांगतं की प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचारांची सोय हवी, आणि तुरुंगाच्या डॉक्टरने दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य मंडळाला अहवाल पाठवायला हवा. हा तिमाही अहवाल नुसता सही-शिक्क्याचा न राहता त्यात नावागणिक, तारखेगणिक हिशेब द्यावा, ही माझी कळकळीची मागणी आहे.

ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांचं काय, हा प्रश्न मी टाळणार नाही. त्यांचं दुःख आरोपीच्या निदानाने कमी होत नाही. कायद्याने एक गोष्ट त्यांच्यासाठी ठेवली आहे: मानसिक विकलतेमुळे आरोपीला सोडताना ते कृत्य त्यानेच केलं की नाही, हे न्यायालयाला निकालात स्पष्ट लिहावं लागतं. आणि आरोपीला वाऱ्यावर सोडत नाहीत. सुरक्षित ताब्यात ठेवतात, नाहीतर जबाबदारी घेणाऱ्या नातेवाइकाकडे हमीवर देतात. दुर्दैवाने घ्यायला पुष्कळदा कोणी येतच नाही.

म्हणून ज्यांच्या घरी असा आजार आहे त्यांना सांगतो: जुने केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. घरातल्या माणसाला पोलिसांनी नेलं तर लाजून गप्प बसू नका. आजाराची माहिती पहिल्याच दिवशी पोलिसांना आणि न्यायालयाला लेखी द्या. कोठडीत किंवा मनोरुग्णालयात असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. आणि आजाराबद्दलच बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे १४४१६. नमस्कार.