नैराश्याच्या उपचारात व्यायामाची मात्रा

मित्रहो, आज येथे बसलेल्यांपैकी बरेच जण नैराश्याच्या आजारातून सावरणाऱ्या माणसांचे नातेवाईक आहेत आणि काही जण स्वतः त्या आजाराशी झुंजत आहेत, याची कल्पना आयोजकांनी मला दिली आहे. त्यामुळे व्यायामाचे सर्वसाधारण फायदे सांगण्यात मी वेळ घालवणार नाही. ज्या माणसाला सकाळी अंथरुणातून उठून दात घासणेही जड जाते, त्याच्यापर्यंत व्यायाम पोहोचवायचा कसा, एवढ्याच प्रश्नाविषयी मला बोलायचे आहे.

‘दिवसभर नुसता पडून राहतोस, जरा बाहेर फेरी मारून ये, बरं वाटेल,’ हे वाक्य ऐकले नाही असा नैराश्याचा रुग्ण मला अजून भेटलेला नाही. बोलणाऱ्याच्या मनात काळजी असते आणि त्याचे म्हणणेही खोटे नसते. तरीही रुग्णाला त्याचा उपयोग होत नाही, कारण एखादी गोष्ट सुरू करण्याची शक्तीच हा आजार हिरावून घेतो. अंगात त्राण नसते, काही केल्याने फरक पडेल यावर विश्वास नसतो, आणि त्यात हे वाक्य कानावर पडले की ‘मी एवढेसुद्धा करू शकत नाही’ या अपराधी भावनेची भर पडते. आपण रक्तदाबाच्या रुग्णाला ‘काहीतरी गोळी घे’ असे सांगत नाही. कोणती, किती, केव्हा आणि किती दिवस हे ठरवून देतो. व्यायामही तितक्याच नेमकेपणाने दिला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

त्यामागे आधार आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्याचे निदान झालेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या 156 व्यक्तींचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला सर्ट्रालिन हे औषध दिले, दुसऱ्याकडून व्यायाम करून घेतला आणि तिसऱ्याला दोन्ही दिले. व्यायाम म्हणजे आठवड्यातून तीन वेळा, देखरेखीखाली, सुमारे अर्धा तास भरभर चालणे किंवा हळू धावणे, तेही नाडीचा वेग ठरावीक मर्यादेत ठेवून. सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखी होती. औषधाच्या गटाला आराम लवकर पडू लागला, हेही त्यात दिसले आणि ते विसरून चालणार नाही. पुढच्या सहा महिन्यांतला पाठपुरावा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. व्यायामाच्या गटातले जे लोक बरे झाले होते, त्यांच्यात आजार उलटण्याचे प्रमाण कमी आढळले, आणि ज्यांनी आपणहून व्यायाम चालू ठेवला त्यांची प्रकृती अधिक चांगली राहिली.

या निष्कर्षाने हुरळून जाऊन कोणी औषधे बंद करू नयेत. त्या अभ्यासातले लोक व्यायाम करायला तयार असलेले होते. शिवाय ठरलेल्या वेळी वाट पाहणारी माणसे, गटातली सोबत आणि चौकशी यांचाही परिणाम झालाच असणार. पुढे 2013 मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा व्यायामाचा परिणाम मध्यम स्वरूपाचा दिसला आणि ज्या प्रयोगांची पद्धत अधिक काटेकोर होती त्यांत तो आणखी कमी दिसला. सौम्य आणि मध्यम नैराश्यात व्यायाम हा उपचाराचा खरा भाग होऊ शकतो. आजार तीव्र असेल, अन्नपाणी सुटले असेल किंवा आत्महत्येचे विचार येत असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे. व्यायामाचा क्रम त्यानंतर येतो.

व्यायामाने मेंदूत काय घडते, याबद्दल ‘एंडॉर्फिन’ (वेदना कमी करणारे, शरीरातच तयार होणारे रसायन) हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो, पण तेवढ्याने सारे उलगडत नाही. स्मरणशक्तीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग दीर्घकाळच्या नैराश्यात आकाराने लहान आढळतो. निरोगी वृद्धांवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वर्षभर नियमित चालणाऱ्यांमध्ये हा भाग सुमारे 2 टक्क्यांनी वाढला, तर केवळ स्नायू ताणण्याचे हलके व्यायाम करणाऱ्यांमध्ये तो थोडा घटला. नैराश्याच्या रुग्णांत नेमके असेच घडते असे त्यावरून म्हणता येत नाही, पण चालण्यासारखी साधी गोष्ट मेंदूच्या रचनेपर्यंत पोहोचते, एवढे त्यातून दिसते. दुसरी बाजू वर्तनाची आहे. पीटर लेविन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात मांडले की, नैराश्यात माणूस हातातल्या गोष्टी सोडत जातो, त्यामुळे आनंद देणारे अनुभव आटतात आणि नैराश्य आणखी दाटते. ‘मन लागलं की करीन’ असे म्हणणारा माणूस त्यामुळेच वाट पाहत राहतो. उपचारात आम्ही क्रम उलटा धरतो: कृती आधी, मन मागाहून.

आता मात्रेविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवली आहे. सावरणाऱ्या रुग्णापुढे पहिल्याच दिवशी हा आकडा ठेवला तर तो तिथेच हात टेकतो. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंना औषधांनी झोप लागू लागली होती, रडणे थांबले होते, पण त्या घराबाहेर पडत नव्हत्या. पहिल्या आठवड्यासाठी आम्ही एवढेच ठरवले की, सकाळी साडेसातला चपला घालायच्या, दोन जिने उतरायचे, इमारतीच्या फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. रात्रीच्या गाऊनवर ओढणी घेऊन गेल्या तरी चालेल, केस विंचरले नसले तरी चालेल, कोणाशी बोलायचे बंधन नाही. त्यांच्या धाकट्या जावेने खालून फक्त हाक मारायची, ‘वहिनी, मी फाटकाशी आहे’, आणि त्या आल्या नाहीत तर पाच मिनिटांनी काही न बोलता आपल्या कामाला निघून जायचे. दिनदर्शिकेवर त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीने खूण करायची, तीही त्या बाईंनीच. दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यावरचा दूधवाला आणि त्यानंतर भाजीबाजार, अशी हद्द वाढत गेली. काही दिवस त्या खालीच आल्या नाहीत. तेव्हा आम्ही हद्द पुन्हा फाटकापर्यंत आणली. भरभर चालण्याचा विषय मी बऱ्याच उशिरा काढला.

यात लक्षात घेण्यासारखे म्हणजे वेळ ठरलेली होती, सोबत ठरलेली होती आणि काम इतके लहान होते की वाईट दिवशीही ते जमावे. किती किलोमीटर झाले, वजन किती उतरले, ही मोजमापे सुरुवातीला मी होऊ देत नाही. चालणेच हवे असाही आग्रह नाही. 2024 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या 218 प्रयोगांच्या एका मोठ्या आढाव्यात चालणे, हळू धावणे, योगासने आणि वजनांचे व्यायाम या सर्वांचा उपयोग नोंदवला आहे. तेव्हा ज्याला लहानपणापासून सूर्यनमस्कारांची सवय आहे, त्याने दोन नमस्कारांपासून सुरुवात करावी. पावसाळ्यात घरातल्या घरात खुर्चीवरून उठण्याबसण्याच्या बैठकाही चालतात. आपल्याकडे तालमींची आणि बलोपासनेची मोठी परंपरा आहे, मला तिचा अभिमान वाटतो, पण ती धडधाकट तरुणांसाठी उभी राहिली. थकलेल्या, घाबरलेल्या माणसाला दोन नमस्कारांवर शाबासकी देणारी जागा आपण अजून पुरेशी निर्माण केलेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

औषधे चालू असताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. मनाचे टोकाचे चढउतार आटोक्यात ठेवणारे लिथियम हे औषध घेणाऱ्याने उन्हाळ्यात घाम गाळताना पाणी कमी पडू देऊ नये, आणि गुडघा दुखला म्हणून आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी परस्पर दुकानातून आणून घेऊ नये, कारण दोन्हींमुळे रक्तातील लिथियमची पातळी धोकादायकरीत्या वाढू शकते. काही औषधांनी एकदम उभे राहिल्यावर चक्कर येते. अशांनी अंथरुणाच्या कडेला क्षणभर बसून मग उठावे. प्रोप्रॅनोलॉल हे हृदयाची गती कमी करणारे औषध चालू असेल तर नाडीचा वेग फारसा वाढत नाही, तेव्हा नाडीपेक्षा धाप पाहावी: बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत श्रम पुरेसे आहेत. पॅनिकचे, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीचे झटके येणाऱ्यांना व्यायामातली छातीची धडधड झटक्यासारखीच वाटते आणि ते थांबतात. त्यांना आधी समजावून, अगदी हळू वेगाने त्या धडधडीची ओळख करून द्यावी लागते. द्विध्रुवी आजाराच्या, म्हणजे ज्यात नैराश्य आणि अति उत्साह आलटूनपालटून येतात अशा आजाराच्या रुग्णाने अचानक झोप कमी करून तासन्‌तास व्यायाम सुरू केला, तर ती अति उत्साहाच्या झटक्याची सुरुवात असू शकते; घरच्यांनी कौतुक करण्याऐवजी डॉक्टरांना कळवावे.

नातेवाइकांना माझी एक विनंती आहे. ‘आज गेला नाहीस ना?’ असे विचारू नका. ‘मी निघालोय, येतोस का?’ असे विचारा, आणि तो नाही म्हणाला तर उद्या त्याच वेळी, त्याच स्वरात पुन्हा विचारा. बरे वाटू लागल्यावरही हा क्रम किमान काही महिने चालू ठेवा. नियमित चालणारा माणूस आठवडाभर कारणाशिवाय घराबाहेर पडेनासा झाला, झोप आणि जेवणही बिघडू लागले, तर आजार परत येत असण्याची ती खूण असू शकते. अशा वेळी त्याला व्यायामाचा आग्रह न करता तपासणीची तारीख अलीकडे घ्या. जवळ डॉक्टर नसतील तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.