ताटापाशी वाजणारं मॅन्डोलिन: नेपल्सची पोस्तेज्जा

नेपल्स, सांता लुचियाचा किनारा. तिसऱ्या (शिंपले) घातलेली स्पॅगेटी टेबलावर येते आणि मागोमाग तिघं येतात: गायक, गिटार, मॅन्डोलिन. खानावळीत टेबलाटेबलाशी थांबून गाण्याच्या या धंद्याला इथे पोस्तेज्जा म्हणतात. जगभरच्या पिझ्झेरियांत स्पीकरवर वाजतं, ते या धंद्याचं शिळं रूप.

वाद्य जवळून बघा. पोट लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून, एकीला एक चिकटवून केलेलं. वर स्प्रूस लाकडाची तबली, म्हणजे पातळ फळी; तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीमागे किंचित मोडलेली. तारांचा दाब हा मोड पेलतो. आठ तारा, चार जोड्या, सूर व्हायोलिनचेच: सोल, रे, ला, मी (G, D, A, E). १९व्या शतकात इथल्याच पास्क्वाले विनाच्चियाने पोलादी तारा रुळवल्या आणि आवाज खणखणीत झाला. काट्याचमच्यांच्या गलक्यात तोच टिकतो.

पण छेडलेली तार लगेच विझते. गळ्यासारखा लांब सूर हवा तर प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी, सतत खाली-वर फिरवायचं. हा ट्रेमोलो. टोक तारेत जेमतेम एक-दोन मिलिमीटर. जास्त रुतलं की अडकतं. हालचाल मनगटातून. कोपर ताठलं की शिवणयंत्र सुरू! आणि गायक श्वास घेतो तिथे हातानेही सोडावं. अखंड घरघर ही नवशिक्याची खूण.

खरा त्रास सुराचा. गार रस्त्यावरून उबदार खोलीत आलं की तारा उतरतात, सगळ्या सारख्या नाहीत. जोडीतली एक केसभर उतरली तरी सूर थरथरतो. म्हणून आत आल्यावर दहा मिनिटं थांबायचं, जोडीतली एक तार लावायची, दुसरी तिच्याशी मिळवायची. तरीही वरचे सूर चढे लागले तर घोडी तपासा. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते, धक्क्याने सरकते. बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर तिथल्या हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून छेडलेल्या सुरापेक्षा) चढा असेल, तर घोडी मानेपासून किंचित लांब न्यायची.

गाणी श्रोत्यांना पाठ असतात: १८९८चं 'ओ सोले मिओ', किंवा १८८०चं 'फुनिकुली फुनिकुला', जे व्हेसुव्हियस ज्वालामुखीवर चढणाऱ्या रेल्वेसाठी रचलं होतं. वेळ मात्र साधावी लागते. वाफाळता पास्ता समोर येताना सुरुवात केली तर वेटरची वाट अडते आणि संकोचून थांबलेल्या पाहुण्याचा पास्ता निवतो. पास्त्याची ताटली उचलली, मासा अजून आतच आहे, तेवढ्या फटीत दोन गाणी. तिसरं फर्माईश आली तरच.

मग गायक बशी फिरवतो. नाणी पडत असतात, मॅन्डोलिन मागे हळू वाजत राहतं.