छत्तीस पायऱ्या उतरल्यावर

नमस्कार श्रोतेहो.

आज तुम्हाला तोक्यो शहरातल्या एका जुन्या बाजारगल्लीत घेऊन जाते. नाव यानाका गिन्झा. गिन्झा म्हटलं की काहींना काचेच्या उंच इमारती आठवतील. ती गिन्झा वेगळी. गिन्झा म्हणजे मुळात चांदीची टांकसाळ. टांकसाळीवरून नाव पडलेली ती पेठ प्रसिद्ध झाली, तशी जपानभरच्या लहान लहान बाजारांनीही हौसेनं गिन्झा हे नाव घेतलं. आपली आजची गल्ली यानाका भागातली. यानाका गिन्झा, लक्षात ठेवा.

निप्पोरी स्टेशनाच्या पश्चिमेकडून बाहेर पडलं की थोड्याच वेळात पायऱ्या लागतात. मोजून 36. त्यांना म्हणतात युयाके दानदान, मावळतीच्या लालीच्या पायऱ्या. मावळत्या सूर्यासाठीच त्या प्रसिद्ध झाल्या. खाली गल्ली जेमतेम 170 मीटरची, दुकानं साठेक. मासळी, भाजी, चहापत्ती, तांदळाच्या कुरकुरीत सेनबेई. खिम्याचं गरमागरम कटलेट, म्हणजे मेंची-कात्सु, लोक दुकानाशीच उभं राहून खातात.

तोक्यो गेल्या शतकात दोनदा होरपळलं. 1923 च्या भूकंपात आणि मग 1945 च्या बॉम्बवर्षावात. यानाका बऱ्याच अंशी वाचलं, म्हणून तिथं जुनी लाकडी घरं आणि बुद्धमंदिरं अजून दिसतात. जपानचा शेवटचा शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, तोकुगावा योशिनोबू शेजारच्याच दफनभूमीत विसावला आहे.

आणि दुकानांवरच्या त्या लाकडी पाट्या! आपल्याकडे पेंटर शिडीवर चढून अक्षर काढायचा, ते अक्षर गावाचं असायचं. फ्लेक्सनं सगळ्या गावांचे चेहरे एकसारखे केले. हे मी जिथं जाईन तिथं बोलते आणि बोलतच राहणार.

तर त्या गल्लीत एक शिक्क्यांचं दुकान आहे. जपानात सहीच्या जागी शिक्का उमटवायची जुनी चाल. त्याला हान्को म्हणतात. यानाका मांजरांसाठी प्रसिद्ध, त्यामुळे इथं नावाशेजारी मांजराचं चित्रही कोरून मिळतं. मला आत्यासाठी एक हवा होता. आत्याचं नाव कमळा.

गल्ल्यावर एक आजोबा बसले होते. मी म्हटलं, ‘कमळा.’ ते म्हणाले, ‘कामेरा?’ आणि माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघू लागले. मी मान हलवली. पुन्हा म्हटलं, ‘कमळा.’ ते पुन्हा, ‘कामेरा?’ असं चार वेळा झालं. मागे दोन बाया थांबलेल्या, त्याही हळूच ‘कामेरा, कामेरा’ करू लागल्या. शेवटी मी कागद मागितला आणि कमळ काढलं. पाकळ्या, देठ, खाली पाण्याच्या दोन रेघा.

‘हासु!’ आजोबांचा चेहरा उजळला. हासु म्हणजे कमळ. त्या दोन्ही बायाही म्हणाल्या, ‘आ, हासु!’ मग आजोबा माझ्या ओठांकडे बघत एकेक अक्षर जुळवू लागले. का. मा. रा. जपानीत ळ नाही, लसुद्धा नाही, दोन्हींची जागा एकटा र सांभाळतो. पण गंमत ऐका. जपानी र म्हणताना जीभ टाळूला हलकीच टिचकी मारते. आजोबांनी तिसऱ्यांदा नाव घेतलं तेव्हा त्या र मधून मला चक्क आपला ळ ऐकू आला. कितीतरी हिंदी बोलणारे आत्याला कमला म्हणतात. या माणसानं, मराठीचा गंध नसताना, तिला कमळा म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

शिक्का तयार झाला. तीन अक्षरं, शेजारी मांजर, आणि मांजराच्या पायाखाली, मी मागितलं नव्हतं तरी, कमळाचं पान. मी ट्रेमध्ये पैसे ठेवले. तिथं पैसे हातात देत नाहीत, छोट्या ट्रेमध्ये ठेवतात. आजोबा वाकले, मीही वाकले.

आत्या आता कैरीचं लोणचं भरलं की बरणीच्या चिठ्ठीवर तो शिक्का उमटवते. मग शेजारच्या पोराला बोलावून विचारते, ‘वाच बघू, काय लिहिलंय?’

पोरगं म्हणतं, ‘मांजर.’