साखळीतला प्रत्येक माणूस

[पडद्यावर: अरबी हस्तलिखिताचं पान. कॅमेरा एकेका नावावरून सरकतो.]

पैगंबर मुहंमद आपले साथीदार मुआज बिन जबल यांना येमेनला पाठवताना विचारतात, "निवाडा कशाच्या आधारे करशील?" "अल्लाहच्या किताबाच्या." "त्यात सापडलं नाही तर?" "रसूलच्या सुन्नतीच्या." "तिथंही नाही सापडलं तर?" "मग माझी बुद्धी पणाला लावीन, कसूर करणार नाही."

इस्लामी कायद्याचे स्रोत समजावून सांगताना हा संवाद हटकून पुढे येतो. आधी कुराण, मग सुन्नत, म्हणजे पैगंबरांची शिकवण आणि वागणूक, मग विचाराने काढलेला निष्कर्ष, हा क्रम त्यात आयताच मिळतो. पण हा संवाद झाला हे कशावरून? तो आपल्यापर्यंत आणला कुणी? हदीस, म्हणजे पैगंबरांबद्दलचं कथन, पारखणाऱ्याचं काम इथून सुरू होतं.

कुराणाच्या बाबतीत हा प्रश्न फार अडत नाही. यमामाच्या लढाईत कुराण मुखोद्गत असलेले अनेक जण मारले गेले, तेव्हा पहिले खलिफा अबू बक्र यांनी संकलनाचं काम जैद बिन साबित यांच्यावर सोपवलं. तिसरे खलिफा उस्मान यांनी प्रमाण प्रती करवून प्रमुख शहरांत पाठवल्या. दर पिढीत एवढ्या लोकांकडून एवढ्या लोकांकडे मजकूर गेला की सगळ्यांनी संगनमत केलं असं म्हणताच येत नाही. याला तवातुर म्हणतात. म्हणून इथे फकीहांचा, म्हणजे कायद्याच्या जाणकारांचा, वाद असतो तो अर्थावर. सूरह बकराच्या २२८व्या आयतीत तलाक झालेल्या स्त्रीने तीन 'कुरू' थांबावं असं आहे. हा शब्द मासिक पाळीसाठी घ्यायचा की दोन पाळ्यांमधल्या शुद्धीच्या काळासाठी? कायद्याच्या पंथांपैकी हनफी पहिला अर्थ घेतात, शाफिई आणि मालिकी दुसरा. इद्दत, म्हणजे हा थांबण्याचा काळ, कधी संपणार, हे त्यावर ठरतं.

हदीसचं तसं नाही. बहुतेक हदीस मोजक्या माणसांच्या तोंडून आल्या आहेत, आणि माणूस विसरतो, गोंधळतो, क्वचित खोटंही बोलतो. म्हणून प्रत्येक हदीसचे दोन भाग तपासतात: सनद, म्हणजे सांगणाऱ्या रावींची साखळी, आणि मत्न, म्हणजे मूळ मजकूर.

[पडद्यावर: 'सहीह बुखारी'ची पहिली हदीस. क्रियापदं ठळक होतात.]

इमाम बुखारी, इ.स. ८१० ते ८७०. त्यांच्या संग्रहातली पहिलीच हदीस कृत्यांचं मोल हेतूवर ठरतं, ही. तिची सनद नीट ऐका. हुमैदींनी आम्हाला सांगितलं, त्यांना सुफियान यांनी सांगितलं, त्यांना याह्या बिन सईद यांनी. याह्यांना मुहंमद बिन इब्राहीम तैमी यांनी कळवलं. त्यांनी अलकमा बिन वक्कास यांना बोलताना ऐकलं. आणि अलकमांनी हजरत उमर यांना मिंबरवरून, म्हणजे मशिदीतल्या व्यासपीठावरून, बोलताना ऐकलं.

सांगितलं, कळवलं, ऐकलं. या क्रियापदांवरच सगळी भिस्त आहे. त्या जागी नुसतं 'अन', म्हणजे 'अमक्याकडून', एवढंच असेल, तर परीक्षक थबकतो. प्रत्यक्ष ऐकलं, की मधला कच्चा माणूस गाळला? या गाळण्याला तदलीस म्हणतात. ज्याला ही सवय होती, त्याचं 'अन' पुरेसं धरत नाहीत. 'मी ऐकलं' असा स्पष्ट शब्द दुसऱ्या सनदेत शोधावा लागतो.

आणखी एक गोष्ट. उमर यांच्याकडून ही हदीस भरवशाच्या वाटेने फक्त अलकमांनी आणली, त्यांच्याकडून फक्त तैमींनी, तैमींकडून फक्त याह्यांनी. पुढे मात्र याह्यांचे शिष्य पुष्कळ. म्हणजे तीन पिढ्या एकेकटा माणूस, तरीही हदीस सहीह. सांगणारे थोडे असले तरी चालतं, कडी पक्की हवी.

सहीह ठरायला पाच अटी लागतात. साखळी कुठेही तुटलेली नको. प्रत्येक रावी आदिल, म्हणजे सचोटीचा हवा. तो जाबित हवा, म्हणजे त्याचं पाठांतर किंवा टिपण पक्कं हवं. त्याचं म्हणणं जास्त भरवशाच्या रावींच्या विरोधात जायला नको. आणि वरून न दिसणारा दोष, इल्लत, नको. शेवटची अट सगळ्यांत अवघड. ती एक सनद कितीही न्याहाळली तरी कळत नाही. एकाच उस्तादाच्या सगळ्या शिष्यांची कथनं शेजारी शेजारी मांडावी लागतात.

उदाहरण घ्या, वुजूचं, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचं. "वुजू नीट पूर्ण करा. कोरड्या टाचांना आगीची शिक्षा आहे." अबू कतन आणि शबाबा या दोघांनी आपले उस्ताद शुअबा यांच्याकडून ही दोन्ही वाक्यं पैगंबरांची म्हणून सांगितली. पण बुखारींकडे शुअबांचेच शिष्य आदम यांचं कथन आहे. त्यात पैगंबरांचे साथीदार अबू हुरैरा म्हणतात, "वुजू नीट करा, कारण अबुल कासिम म्हणाले: टाचांना आगीची शिक्षा आहे." अबुल कासिम म्हणजे पैगंबर. पहिलं वाक्य अबू हुरैरांचं स्वतःचं होतं, ते मूळ हदीसला चिकटलं. याला इद्राज म्हणतात. कुणी खोटं बोललं नव्हतं, तरी शब्द चुकीच्या तोंडी गेले.

वयाचंही भान ठेवावं लागतं. अता बिन साइब यांची स्मृती उतारवयात ढासळली. सुफियान सौरी आणि शुअबा यांनी त्यांच्याकडून आधी ऐकलं, म्हणून ते घेतात. जरीर यांनी नंतर ऐकलं, ते तसंच घेत नाहीत. रावी तोच, पण ऐकण्याची वेळ वेगळी.

[पडद्यावर: मुआज यांच्या संवादाची सनद. एक नाव धूसर, एक जागा रिकामी.]

आता मुआज यांच्याकडे परत येऊ. हा संवाद अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. शुअबांनी अबू औन यांच्याकडून, त्यांनी हारिस बिन अम्र यांच्याकडून, आणि हारिस यांनी मुआज यांच्या सीरियातल्या हिम्समधल्या 'काही साथीदारांकडून'. दुखणं दोन ठिकाणी आहे. हारिस मजहूल आहेत, म्हणजे त्यांची पारख करावी एवढी माहितीच नाही. आणि 'काही साथीदार' म्हणजे कोण, हे सांगितलेलं नाही. तिर्मिजींनी स्वतःच लिहिलं की ही हदीस याच एका वाटेने आली आहे आणि सनद सलग नाही. बुखारींनीही ती सहीह मानली नाही. उलट बाजूने खतीब बगदादी (निधन १०७१) म्हणतात की विद्वानांनी ती स्वीकारली आहे. इब्न कय्यिम (निधन १३५०) म्हणतात की मुआज यांच्या साथीदारांत लबाडीसाठी कुणी ओळखला जात नव्हता, तेव्हा नावं नसल्याने बिघडत नाही. केवळ सनद पाहिली तर पारडं तिर्मिजींकडेच झुकतं.

स्रोतांचा क्रम मात्र या एका हदीसवर टांगलेला नाही. इमाम शाफिई (७६७ ते ८२०) यांनी कुराण, सुन्नत, इज्मा आणि कियास यांची सांगड पद्धतशीर घालून दिली. इज्मा म्हणजे एका काळातल्या सगळ्या मुज्तहिदांचं, म्हणजे स्वतः निष्कर्ष काढू शकणाऱ्या विद्वानांचं, एकमत. सगळ्यांचं, हे सिद्ध करणंच मुश्कील, त्यामुळे इज्माचा दावा जपून तपासावा लागतो.

कियास म्हणजे एका प्रकरणाचा हुकूम साम्यावरून दुसऱ्याला लावणं. त्याला चार अंग आहेत: मूळ प्रकरण, नवं प्रकरण, हुकूम, आणि दोघांना जोडणारं कारण, इल्लत. शब्द तोच, अर्थ इथे वेगळा. मद्य हराम आहे ते नशेमुळे, म्हणून दुसरा नशेचा पदार्थही हराम. चूक होते ती कारण आणि त्यामागचा हेतू यांची गल्लत केल्याने. प्रवासात नमाज आखूड करतात. त्यामागे कष्ट हलके व्हावेत हा हेतू आहे, पण कारण प्रवास हेच आहे. म्हणून घरी राहून दिवसभर ओझी वाहणारा नमाज आखूड करत नाही, आणि आरामात प्रवास करणारा करू शकतो.

जाफरी शिया परंपरा कियासच्या जागी अक्ल, म्हणजे बुद्धी, मानते. अंदलुसियाचे, म्हणजे मुस्लिम स्पेनचे, इब्न हज्म (९९४ ते १०६४) यांनी कियास साफ नाकारला, आणि त्या वादात त्यांनी बोट ठेवलं ते हारिस बिन अम्र यांच्याच नावावर. कियास मानणाऱ्यांनी आपला आधार मग सूरह हश्रच्या दुसऱ्या आयतीत दाखवला: "डोळे असणाऱ्यांनो, बोध घ्या." तिथे सनदेचा प्रश्नच उरला नाही. वाद पुन्हा अर्थावर आला: 'बोध घ्या' म्हणजे घडलेल्यातून शिका, की एका गोष्टीवरून दुसरी ताडून पाहा?