मोत्यासारखं अक्षर

१८२३. पॅरिस. पॅले-रोयालमध्ये ऑर्लिन्सच्या ड्यूकचं कार्यालय. टेबलावर पत्रांची चळत, आणि तिच्याआड विशीतला एक कारकून. काम काय, तर दुसऱ्यांनी लिहिलेल्या पत्रांच्या सुबक नकला काढायच्या. पगार वर्षाला १२०० फ्रँक. नाव अलेक्झांडर ड्यूमा. पुढे ‘थ्री मस्केटिअर्स’ लिहिणारा तोच.

ही नोकरी मिळाली ती अक्षरामुळे. शिफारसपत्र घेऊन तो जनरल फॉय यांच्याकडे गेला होता. त्यांनी विचारलं, गणित येतं? हिशेब? कायदा? सगळ्याला नन्नाचा पाढा. निदान पत्ता तरी लिहून ठेव, म्हणाले. त्याने लिहिला, आणि फॉय यांनी टाळीच वाजवली. अक्षर सुरेख आहे, झालं तुझं काम!

हे सगळं ड्यूमानेच आपल्या आठवणींत सांगितलंय. आता हा गडी तिखटमीठ लावल्याशिवाय काही सांगत नसे, तेव्हा थोडं बेतानेच घ्यायचं.

खर्डेघाशीत प्रतिभा गुदमरते असं आपण सर्रास म्हणतो. इथे उलटंच घडलं. त्याच कचेरीतल्या लासान्य नावाच्या वरिष्ठाने या जेमतेम शिकलेल्या पोराला वाचायला लावलं. शेक्सपियर, स्कॉट, फ्रान्सच्या जुन्या बखरी. इतिहासातली गोष्ट सांगणारा फ्रान्सला अजून मिळालेला नाही, हेही त्यानेच सुचवलं.

मग एक दिवस कागद संपला. ड्यूमा हिशेबखात्यात कागद आणायला गेला. तिथे एका टेबलावर आंकेतील या फ्रेंच इतिहासकाराच्या ग्रंथाचा एक खंड उघडाच पडलेला. सहज नजर गेली. सोळाव्या शतकातला एक सरदार, ड्यूक ऑफ गीझ, त्याला बायकोचा संशय आहे. पहाटे तो तिच्या खोलीत शिरतो, एका हातात खंजीर, दुसऱ्या हातात पेला. म्हणतो, निवड. ती रडते, विनवते, शेवटी पेला रिकामा करते. तासभर मरणाची वाट पाहते. मग कळतं, पेल्यात नुसतं सूप होतं.

या एका पानातून नाटक उभं राहिलं. साहेबांनी बजावलं, एक तर नोकरी, नाही तर साहित्य. पगार थांबला. लाफित या बँकरने ३००० फ्रँक उसने दिले, तारण म्हणून हस्तलिखित ठेवून घेतलं. फेब्रुवारी १८२९ मध्ये ‘तिसरा हेन्री आणि त्याचा दरबार’ कोमेदी-फ्रान्सेझच्या रंगमंचावर आलं आणि तुफान चाललं. पहिल्या प्रयोगाला खुद्द ऑर्लिन्सचा ड्यूक हजर!

१८४४ मध्ये ‘ल सिएक्ल’ या दैनिकात ‘थ्री मस्केटिअर्स’ ही कादंबरी रोज थोडी थोडी छापून येऊ लागली. बीज पुन्हा एका जुन्या पुस्तकात सापडलेलं. कादंबरीचा नायक दार्तान्या याच्या नावावर खपवलेल्या, १७०० साली छापलेल्या आठवणी. सोबतीला ओग्युस्त माके, इतिहासाचा माजी शिक्षक. कच्चा आराखडा बऱ्याचदा त्याचा, आणि मुखपृष्ठावर नाव एकट्या ड्यूमाचं. त्यावरून पुढे कोर्टकचेरीही झाली.

माकेचा खर्डा समोर ठेवून ड्यूमा लिहायला बसे. निळसर कागद, आणि त्यावर तेच अक्षर. कारकुनाचं.