टॉवरच्या पायथ्याशी

विसर्जन मिरवणुकीच्या संध्याकाळी अलका चौकात उभं राहून तुमच्यापैकी अनेकांनी घरी फोन लावून पाहिला असेल. रेंजच्या सगळ्या कांड्या भरलेल्या असतात आणि साधा मेसेज जात नाही. एका वर्षी आमची भाची त्या गर्दीत चुकली. ती शंभर पावलांवर होती, पण चाळीस मिनिटं ना तिचा फोन आम्हाला लागला, ना आमचा तिला. रेंज भरपूर होती, टॉवरवरची जागा संपली होती.

ही जागा म्हणजे काय, ते आधी सांगतो. प्रत्येक टॉवरला लहरींचा एक ठरावीक पट्टा मिळतो आणि त्याच्या आवारातले सगळे फोन तोच वाटून घेतात. ४जीमध्ये असा एक पट्टा जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ रुंद असतो; मेगाहर्ट्झ हे लहरींच्या कंपनांचं माप. ५जीसाठीच्या पट्ट्यांचा २०२२ च्या २६ जुलैला सुरू झालेला लिलाव १ ऑगस्टला संपला, सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या. जिओ आणि एअरटेल या दोन कंपन्यांनी ३३०० मेगाहर्ट्झच्या भागात देशभर प्रत्येकी १०० मेगाहर्ट्झ घेतले. म्हणजे एकदम पाचपट रुंदी. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते ५जी सुरू झालं. पहिल्या १३ शहरांच्या यादीत आपलं पुणं होतं, याचा मला तेव्हा फार आनंद झाला होता.

पण या रुंद पट्ट्यातली लहर नाजूक आहे. ३३०० मेगाहर्ट्झची लहर जेमतेम ९ सेंटीमीटर लांबीची, तर ७०० ची ४३ सेंटीमीटरची. लांब लहर अडथळ्याला वळसा घालते, भिंतीतून बऱ्यापैकी पार होते. आखूड लहर वाड्याच्या जाड भिंतीतच विरून जाते. माझ्या घरी ओसरीवर ५जी असतं, माजघरात आलो की फोन ४जीवर उतरतो. त्यामुळे टॉवर जवळ जवळ लागतात आणि त्यांची संख्या वाढते.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. नोकरीची बरीच वर्षं मी केबलच्या खड्ड्यांपाशी काढली. फोनपासून टॉवरपर्यंतचा प्रवास हवेतून होतो, तो काही शे मीटरचा. पुढचा सगळा प्रवास जमिनीतल्या काचेच्या तारेतून, फायबरमधून व्हायला हवा. टॉवरवर ढोलकीसारखे गोल पांढरे डबे दिसतात ना, ते बहुधा एका टॉवरचा माल दुसऱ्या टॉवरकडे हवेतूनच ढकलत असतात, कारण खाली फायबर पोचलेलं नसतं. घरात मोठे नळ बसवले आणि टाकीला जोडणी अर्ध्या इंचाची ठेवली, तर पाणी किती येणार? रस्ता काँक्रीटचा करतानाच कडेने रिकामा डक्ट, म्हणजे केबलसाठीची नळी, टाकून ठेवला, तर पुढे फक्त केबल ओढायची राहते. आपल्याकडे आधी काँक्रीट होतं आणि मग तेच फोडलं जातं. याचं मला अजूनही वाईट वाटतं.

आणि आता जुन्नर तालुक्यात चला. तिथे आर्वीला १९७१ मध्ये देशाचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. त्याच तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकणारी दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशांची. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली त्यामागे एक मोठं कारण होतं, रेडिओ लहरींची शांतता. हायड्रोजनची लहर मुळात १४२० मेगाहर्ट्झची, पण विश्व प्रसरण पावताना ती ताणली जाते. सुमारे ८.८ अब्ज वर्षांपूर्वी एका दूरच्या दीर्घिकेतून निघालेली अशी लहर या दुर्बिणीने टिपली, ते २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालं. इथे पोचेपर्यंत ती ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास आली होती. दुर्बिणीचा तिथला कान ५५० ते ८५० पर्यंत ऐकतो, आणि लांब पोचणारं, खेड्यांसाठी सोयीचं ७०० मेगाहर्ट्झचं ५जी याच कानात बोलतं.

म्हणून तिथल्या मुलांनी वेगवान नेट मागूच नये का? मागावं, हक्कानं मागावं. माझं म्हणणं एवढंच, की या परिसरात सरकारने घरोघरी फायबर आधी न्यावं. फायबरमधला प्रकाश आकाशात गोंगाट करत नाही. घरातला वायफाय २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि जीएमआरटी १४५० मेगाहर्ट्झच्या वर ऐकत नाही. खुद्द जीएमआरटीतसुद्धा कित्येक किलोमीटर दूरच्या डिशांचे संकेत मधल्या इमारतीत येतात ते फायबरमधूनच. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्येच मंजूर केली आहे. पंचायतीच्या कार्यालयापासून शेतातल्या वस्तीपर्यंतची तार कोण टाकणार, हे मात्र ठरवून घ्यायला हवं. ती मागणी खोडदच्या शेतकऱ्यांनी आणि पुण्यातल्या आपण आकाशप्रेमींनी एकाच अर्जावर सह्या करून करावी. अर्जाचा मसुदा मी लिहून आणला आहे, तो दाराशी टेबलावर ठेवला आहे.