अकीकाची धूळ आणि वयाचा रकाना

आमच्या माहितीपटात दिसते ते हे गुजरातच्या खंभातमधल्या एका घराचे अंगण आहे. जमिनीत तिरप्या रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकावर अकीकाचा, म्हणजे मणी घडवण्याच्या कठीण दगडाचा, खडा टेकवून कारागीर त्यावर म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने बेताचे ठोके घालीत आहे. खडा दुभंगत नाही, हवा तेवढाच टवका उडतो. भरूच जिल्ह्यातील रतनपोरच्या खाणींतून आलेला हा दगड आधी उन्हात वाळवतात आणि मग मडक्यांत भरून मंद आचेवर भाजतात, तेव्हा कुठे त्याला हा तांबूस रंग चढतो. त्यानंतर घडाई, घिसाई म्हणजे चाकावर घासणे, भोक पाडणे आणि शेवटी फिरत्या पिंपातील झिलई, असा त्याचा प्रवास होतो. जवळच्याच लोथलला हडप्पाकालीन मणी घडवण्याची जागा सापडली आहे, इतके हे कसब जुने आहे.

आता घिसाईचे चाक पाहावे. कुरुंदाच्या चाकावर खडा दाबताच पांढरी धूळ उठते. पडद्यावर दिसते ती जाड धूळ असून छातीत खोलवर जाणारी सिलिकाची धूळ कोणत्याच कॅमेऱ्यात येत नाही. चाकापासून हातभर अंतरावर बसलेली मुलगी मणी निवडून दोऱ्यात ओवीत आहे. तिचा चेहरा आम्ही मुद्दाम दाखवलेला नाही.

या मुलीला बालमजूर म्हणावे की नाही, या प्रश्नापाशी बडोद्याच्या एका संशोधिकेचे सारे काम येऊन ठेपते. दांडिया बाजारातील मराठी घरात वाढलेल्या आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजकार्य शिकलेल्या या बाईंना विद्यार्थी ताई म्हणतात. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला, हे त्या प्रत्येक नव्या तुकडीला सांगतात, आणि ते सांगताना त्यांचा बडोदेकर अभिमान लपत नाही.

ताईंनी काम सुरू केले तेव्हा १९८६ चा बालमजुरी कायदा आलेला होता आणि अभ्यासकांचे लक्ष कारखान्यांवर होते. बेकायदा कामाला ठेवलेल्या प्रत्येक मुलामागे मालकाकडून २०,००० रुपये वसूल करावेत, असा आदेश १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. पण ज्या घरात बापच कारागीर आहे आणि व्यापारी नगावर मजुरी देतो, तिथे मालक कोणाला म्हणायचे? ताईंनी म्हणूनच कारखान्यांची दारे सोडून घरांचे उंबरठे गाठले. त्यांच्या वहीत प्रश्न गुजरातीत आणि टिपणे मराठीत आहेत. मुलाचे वय, शाळा आणि कामाचे तास यांच्या पुढे त्यांनी आणखी एक रकाना आखला आहे, तो मूल चाकापासून किती अंतरावर बसते याचा.

बालमजुरी कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच कामांतून वगळले, मात्र शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत करण्याची सवलत ठेवली. धोकादायक प्रक्रिया या सवलतीत बसत नाहीत, हे खरे. परंतु मणी ओवणे म्हणजे घिसाई नव्हे, असे सांगून कोणीही मोकळा होतो. मुलाचे हात काय करतात एवढेच पाहिले जाते आणि मूल कुठल्या हवेत बसले आहे हे कोणी विचारीत नाही, ही ताईंची मुख्य तक्रार आहे आणि ती आम्हाला रास्त वाटते.

सिलिकोसिस हा सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा रोग बरा होत नाही, अनेकदा क्षयरोग समजून औषधे चालू राहतात, आणि घरातले काम कारखान्यांसाठीच्या कायद्यांच्या कक्षेबाहेर असल्याने भरपाईचा दावा बहुधा उभाच राहत नाही.

सध्या त्यांच्या टेबलावर शाळांचे हजेरीपट आहेत. मूल न कळवता सलग तीस दिवस गैरहजर राहिले तर मुख्याध्यापकांनी संबंधित अधिकाऱ्याला कळवावे, असा नियम २०१७ पासून आहे. हजेरीपटाशेजारी त्या आपली वही उघडून ठेवतात आणि एकेक नाव पडताळतात. पंचविसाव्या दिवशी एकदा शाळेत येऊन गेलेले मूल त्या नियमात सापडत नाही, आणि ताई तेच नाव वेगळ्या कागदावर उतरवून घेतात.